मुकी रोपं

बेबीताईंनी काकडीच्या रोपाच्या जाडसर पानाचा तिळाएवढा तुकडा नखानं खुडला, जिभेच्या शेंड्यावर ठेवला आणि डोळे मिटले. डिंपल समोर उकिडवी बसून बघत होती. सकाळचे साडेसात झाले असतील. मार्चचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं आणि रात्रीच्या पाण्यानं आळ्यांमधली माती काळी दिसत होती. बेबीताईंनी तुकडा बाजूला थुंकला, तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली आणि त्याच पानाचा तेवढाच दुसरा तुकडा सुनेच्या तळहातावर ठेवला.

“शेंड्यावरच ठेव. चाऊ नोको. समोरच्या दातानं जरासा दाब, बस.”

डिंपलनं दाबला.

“काय म्हनते?” बेबीताईंनी विचारलं.

धामणगाव बढ्यात विरळणी सगळेच करतात. आळ्यात पाच बिया टाकायच्या, पाचही उगवल्या तर दोन धट्टीकट्टी रोपं ठेवून बाकीची उपटायची, की झालं काम. काकडीच्या बाबतीत मात्र बेबीताईंना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या आईची रीत वेगळी होती, ती त्यांनी सासरी आणली आणि तीस वर्षं चालवली. बीजाची पहिली दोन जाड पानं उघडली आणि तिसरं डोकवायला लागलं, की एकेक रोप चाखायचं. पान कडू लागलं की ते रोप बोललं. काहीच लागलं नाही तर ते मुकं. बोललेलं रोप कितीही टवटवीत असो, नखानं बुडाशी खुडून टाकायचं, कारण पुढे त्याची काकडीही तशीच बोलणार. मुकं रोप मरतुकडं असलं तरी ठेवायचं. उपटायचं कधी नाही. शेजारच्या रोपाची मुळं हलतात.

डिंपलला ही रीत समजली त्या दिवसापासून तिला झोप नव्हती, असं म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन तीन महिने झाले होते. नवरा संघर्ष आठवडाभर बुलढाण्याला नोकरीवर आणि शनिवारी घरी. मधल्या दिवसांत तिला घरभर प्रश्न पडत. चुलीवरच्या पाण्याला वेगळा वास का येतो, दाराच्या चौकटीत घोड्याची नाल कुणी ठोकली, शेजारच्या बानोमावशींची शेळी यांच्याच दाव्याला का बांधतात. सासरे भाऊराव एसटीत चालक होते, आता घरी असतात. ते तिला ‘चौकशीची खिडकी’ म्हणायचे, आणि त्या खिडकीला उत्तर द्यायला त्यांना आवडायचं. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकली होती, पण तिथे पान तोंडात घालायला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. आधी शेंड्याला टोचल्यासारखं, मग मागे घशाकडे सरकलेलं. हेच कडू म्हणायचं, की कुठलंही हिरवं पान असंच लागतं? तिनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच पानाचा तुकडा बेबीताईंनी आत्ताच चाखला होता, आणि त्यांच्या तोंडावर एक रेघसुद्धा हलली नव्हती. तीस वर्षांच्या जिभेला जे लागलं नाही ते आपल्या तीन मिनिटांच्या जिभेला कसं लागेल?

“मुकं वाटतं,” डिंपल म्हणाली.

“वाटते का हाये?”

“मुकंच आहे.”

“हं,” बेबीताई म्हणाल्या आणि ते रोप ठेवलं.

असं आळ्यामागून आळं चाललं. प्रत्येक वेळी बेबीताई आधी चाखायच्या, पण बोलायच्या नाहीत. तुकडा डिंपलला द्यायच्या, तिच्याकडे टक लावून बघायच्या आणि विचारायच्या, काय म्हणते. डिंपलला ही शिकवण्याची पद्धत वाटली. चांगले मास्तर उत्तर आधी सांगत नाहीत. एकदा तिच्याकडून नकळत तोंड वाकडं झालं, तर ती काही बोलायच्या आत बेबीताईंनी ते रोप खुडूनही टाकलं.

“बोललं न?”

“हो,” डिंपल म्हणाली. सासूची जीभ किती तरबेज आहे याचं तिला कौतुक वाटलं. आपलं तोंड असं उघडं पडलं याची थोडी लाजही वाटली, आणि पुढच्या रोपापासून तिनं चेहरा सांभाळला.

कुंपणापलीकडून बानोमावशींनी मान वर काढली. त्या मूळच्या रोहिणखेडच्या, बेबीताईंच्या बरोबरीच्या, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

“बेबी, यंदा नीट चाखजो वं. मागच्या सालावानी नोको व्हाले.”

बेबीताईंचा हात आळ्यावर थांबला. मग त्या म्हणाल्या, “चाखूनच राह्यली न मी.” त्या दिवशी चोवीस आळ्यांपैकी बारा झाली, तेव्हा ऊन चढलं आणि त्यांनी काम आवरलं.

मागच्या साली काय झालं, हे डिंपलनं अर्ध्या तासातच बानोमावशींकडून काढून घेतलं. बुद्धपौर्णिमेला विहारात दोनशे माणसांचं जेवण असतं. त्यातली कोशिंबीर म्हणजे बेबीताईंची काकडी, हे लग्न होऊन आल्यापासून ठरलेलं. मोठ्या पातेल्यात चाळीस-पन्नास काकड्या किसायच्या, त्यात एक जरी कडू निघाली तरी सगळं पातेलं जातं. तीस वर्षांत एकदाही निघाली नव्हती. मागच्या साली निघाली. लोकांनी पहिला घास घेतला आणि कोशिंबीर पानातच ठेवली. कुणी भांडलं नाही, कुणी बोललंही नाही.

“तेच तर वाईट झालं,” बानोमावशी म्हणाल्या. “बोलले असते तं बेबीनं दोन शब्द ऐकवले असते. पन सगळे गुपचूप जेवले. हे बाई आठ दिवस घरातून निंगाली नाई. म्या म्हनलं, काकडीच होय न ते, जीव जाऊन राह्यला का कोनाचा? तं मले म्हने, बानो, तुले नाई समजनार. माह्या घरचं समदे डोळे मिटून खात होते.”

दुपारी घर झोपलं होतं. डिंपल परसात आली ती निव्वळ कुतूहलापोटी. सकाळची ती पहिली चव नेमकी कशी होती, ते तिला पुन्हा बघायचं होतं. तिनं पहिल्या आळ्यातल्या ठेवलेल्या रोपाचा तुकडा खुडला आणि जिभेवर ठेवला. कडू. शंकाच नको इतकं कडू. चूळ भरून तिनं त्याच आळ्यातलं दुसरं चाखलं. काहीच नाही, पाणी प्यायल्यासारखं. मग तिसऱ्या आळ्यातलं एक, कडू. पाचव्यातली दोन्ही कडू. सकाळी आपली जीभ चुकत नव्हती, हे तिला कळलं. मग आईंना का लागलं नाही?

प्रश्न असा समोर उभा राहिला की डिंपलला तो सोडता येत नसे. स्वयंपाकघरात भांडी लावताना तिला एकेक गोष्ट आठवत गेली. लग्नाच्या चौथ्या दिवशी बेबीताईंनी सगळं स्वयंपाकघर तिच्या हवाली केलं होतं, तेव्हा सगळ्या गल्लीत कौतुक झालं होतं. अशी सासू मिळायला नशीब लागतं, म्हणून तिची आई फोनवर रडली होती. त्या दिवशी डिंपलनं केलेली भाजी खाऊन भाऊराव म्हणाले होते, “आज पानी कमी लागलं.” तिला वाटलं होतं सासरे हवेबद्दल बोलताहेत. गेल्या आठवड्यात वरणात मीठ पडलंच नव्हतं. भाऊरावांनी मुकाट्यानं वरून घेतलं, बेबीताई तशाच जेवून उठल्या.

चार वाजता तिनं चहा केला. दोन कपांत साखर घातली, तिसऱ्यात नाही. तो तिसरा तिनं बेबीताईंच्या हातात दिला आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

बेबीताई गोड चहाच्या. साखर जरा कमी झाली की कप परत पाठवायच्या, असं संघर्षनं तिला लग्नाआधीच बजावलं होतं. त्यांनी फुंकर घालून एक घोट घेतला, मग दुसरा.

“झाला का चांगला?” डिंपलनं विचारलं.

“झाला न,” बेबीताई म्हणाल्या. “तुह्या हातचा चहा बराबर असते.”

त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. डिंपलला उत्तर मिळालं होतं, आणि असं उत्तर मिळवल्याची तिला इतकी शरम वाटली की कप उचलताना तिनं सासूकडे पाहिलंही नाही. भोळ्या माणसाला फसवावं तसं आपण केलं, असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न होता, आणि याचं उत्तर तिला काही सापडेना. तुमची जीभ गेली, हे सासूला कुठली सून तोंडावर सांगणार? तेही मागच्या सालचं ऐकल्यावर. शेवटी तिनं ठरवलं की सांगायचंच नाही. उरलेल्या बारा आळ्यांना जे लागेल ते खरं सांगायचं, आणि झालेली बारा गुपचूप निस्तरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताईंनी गुडघे दुखतात म्हणून काम एक दिवस पुढे ढकललं. डिंपलला ते पथ्यावरच पडलं. दुपारी सगळं शांत झाल्यावर ती तांब्या घेऊन परसात आली, पहिल्या आळ्यापाशी बसली आणि चाखायला लागली. चाखायचं, चूळ भरायची, बोललं की खुडायचं. दहाव्या रोपाला तिची जीभ बधिर व्हायला आली. पानवेलीच्या सावलीत जरा थांबून तिनं पुन्हा सुरुवात केली. शेवटच्या आळ्यातलं रोप तिनं बुडाशी नख लावून तोडलं, तेव्हा मागून आवाज आला.

“किती बोलले?”

डिंपलच्या हातातून तांब्या सुटला. बेबीताई अनवाणी, पदर डोक्यावरून घेऊन उभ्या होत्या.

“आई, मी आपलं सहज...”

“किती वं?”

“चौदा.”

“चोवीस रोपातून चौदा,” बेबीताई म्हणाल्या. त्या धुण्याच्या दगडावर बसल्या. “काल तं तू मुकं मुकं म्हनत होती. काऊन मंग?”

“तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही आधी चाखत होता, आणि तुम्हाला काहीच लागत नव्हतं. मला वाटलं, माझीच जीभ चुकते.”

बेबीताई तिच्याकडे बघत राहिल्या.

“आनि मी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती,” त्या म्हणाल्या.

 मग बेबीताईंना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि डिंपललाही आवरेना. दोन शहाण्या बाया सकाळभर एकमेकींच्या चेहऱ्यावर काकडीची चव शोधत बसल्या होत्या आणि कडू रोपं मात्र मजेत वाढत होती. हसता हसता बेबीताईंच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पदरानं पुसलं तरी थांबेना, तेव्हा डिंपलचं हसू थांबलं.

“मागल्याच्या मागल्या दिवाळीत ताप आला होता,” बेबीताई म्हणाल्या. “पंधरा दिवस होता. ताप गेला आनि संग चव घेऊन गेला. गोड नाई, खारट नाई, कायी नाई. डाक्टर म्हने येईन वापस. म्या वाट पाह्यली. मागच्या साली विरळनी आली तं म्या चाखलं, तं समदेच मुके. एक न एक मुकं. म्या मनाले म्हनलं, यंदा बीच चांगलं आलं असंन.” त्या थांबल्या. “मालूम होतं मले. आतून मालूम होतं. पन इतक्या सालानंतर कोनाले सांगू, का बेबीची जीभच गेली म्हनून?”

“बाबांना?”

“त्याईले कायी मालूम नाई. साधा मानूस हाये.”

वर्षभर खारट भाजी खाऊन वर तांब्याभर पाणी पिणारा साधा माणूस डिंपलला डोळ्यांसमोर दिसला. तिनं ते सांगितलं नाही. ती सासूजवळ मातीतच बसली.

“आई, काल चहात...”

“साखर नव्हती.”

“तुम्हाला कळलं?”

“जिभेले नाई समजलं. रोज तं तू कप देऊन चालली जाते. काल उभी राहून मले पाहून राह्यली होती.” बेबीताईंनी खाली पडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला. “तवाच समजली, का हे पोरगी परसात जाईन. म्हनून तं गुडघ्याचं सांगतलं आज.”

डिंपलला माफी मागायची होती. पण बेबीताई आळ्यांकडे बघत होत्या. पाच आळी पूर्ण रिकामी झाली होती. त्यांत नव्यानं बी लावायचं तर आजच भिजत घालायला हवं होतं, नाहीतर पौर्णिमेला काकडी हाताशी येणार नव्हती. त्यांनी सुनेला हात देऊन उठवलं आणि घरात जाऊन बियांची पुरचुंडी काढली.

पुढचे दहा-बारा दिवस दोघी रोज सकाळी परसात असत. उरलेली बारा आळी झाली, मग नव्यानं उगवलेली पाच. आता डिंपल एकटीच चाखायची आणि बेबीताई खुडायच्या. मधेच त्या विचारायच्या, “हे कसं बोललं? हळू का जोरात?” डिंपल नीट सांगायची. हे मेथीसारखं, हे कारल्याच्या सालीसारखं, हे आधी काही नाही आणि मागून येणारं. बेबीताई मन लावून ऐकायच्या, आणि कधी कधी त्यांची जीभ ओठांवरून फिरायची. सुनेला प्रश्न विचारण्याची खोड आहे असं घरात म्हणत, पण त्या दिवसांत सासूचे प्रश्न जास्त होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कौशल्याबाई आल्या. विहाराचं जेवण त्यांच्या देखरेखीखाली असायचं, आणि कुणाच्या घरून काय येणार ते विचारत त्या दारोदार फिरत होत्या. बेबीताई वेलांना पाणी घालत होत्या. डिंपल मांडवाला सुतळी बांधत होती. भाऊराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते.

कौशल्याबाईंनी मांडवाचं कौतुक केलं, पाण्याची विचारपूस केली, गुडघ्यांची केली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बेबीताई, मनात नोको आनू बरं. बाया म्हनून राह्यल्या, का यंदा काकडी मोताळ्याच्या बजारातूनच आनाव. तुले बी वयमानानं किती तरास देनं. तुह्याकडून दुसरं कायी घेऊ, लिंबं दे.”

 बादलीचा काठ बेबीताईंनी दोन्ही हातांनी धरला. डिंपलला ते बघवेना.

“गरज नाही बाजाराची,” ती घाईनं म्हणाली. “आईंनी यंदा एकेक रोप चाखलं आहे. स्वतः. एकही कडू निघणार नाही.”

“असं काय,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मागचं साल होतं.

“नाई,” बेबीताई म्हणाल्या.

त्यांनी बादली खाली ठेवली.

“म्या नाई चाखलं, कौशल्या. मले चव समजतच नाई. दीड साल झालं. मागच्या साली बी समजत नव्हती, तरी म्या अंदाजानं रोपं ठेवली आनि कोनाले बोलली नाई. ते माही चूक. दोनशे मानसाईचं अन्न माह्यामुळं वाया गेलं.” त्यांनी श्वास घेतला. “यंदा हिनं चाखलं. पह्यल्यापासून शेवटपर्यंत हिनंच. तुले इचाराचं तं हिले इचार.”

ओसरीवर पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. भाऊराव चष्मा काढून बायकोकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर नवल नव्हतं, नुसतं हायसं वाटल्यासारखं होतं. कौशल्याबाईंनी बेबीताईंच्या दंडावर एक क्षण हात ठेवला. मग त्या डिंपलकडे वळल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिला नीट निरखून पाहिलं.

“मंग सांग बाई,” त्या म्हणाल्या. “दोनशे मानूस जेवनार हाये. आनू बजारातून, का तुह्या भरवशावर राहू?”

 सवयीनं डिंपलनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

पण बेबीताई पाठमोऱ्या झाल्या होत्या. बादली उचलून त्या शेवटच्या आळ्यापाशी गेल्या होत्या आणि वाकून पाणी ओतत होत्या. बादली रिकामी झाली, पाणी जिरलं, तरी त्या तशाच वाकून राहिल्या.

डिंपलनं हातातली सुतळी बांधून पुरी केली.

“नका आणू,” ती म्हणाली.